दुकानाचा लोगो, बोर्ड आणि ओळख: कोल्हापूरच्या दुकानदारांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही दुकानांचे लोगो आणि बोर्ड करणारे डिझायनर. महाद्वार रोड, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, गुजरी (सराफांची पेठ), शाहूपुरी इथले दुकानदार आमच्याकडे येतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं: "एक चांगला लोगो करून द्या." तासभर बोलणं झालं की बोर्ड, पिशवी, नावाची नोंदणी, भावाभावांची वाटणी असं सगळं बाहेर येतं. त्या बोलण्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याच्या मुद्द्यांवर नियम काय आहे एवढंच सांगितलं आहे. तुमच्या कागदपत्रांसाठी ट्रेडमार्क एजंट किंवा वकील गाठा.

लोगो आणि ब्रँड आयडेंटिटी यात फरक काय?

लोगो म्हणजे तुमचं नाव लिहायची ठरलेली पद्धत, सोबत चिन्ह असेल तर ते. आयडेंटिटीत त्याच्या पलीकडचं सगळं येतं: बोर्ड, पिशवी, बिल, काउंटरमागची भिंत, व्हॉट्सॲपवरचा गोल फोटो, फोन उचलल्यावर पोरगा दुकानाचं नाव कसं घेतो ते. हे सगळं एकाच दुकानाचं वाटलं पाहिजे.

आमची साधी चाचणी अशी: तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्याला पत्ता कसा सांगतं? "पापाच्या तिकटीजवळ, ते हिरव्या पाटीचं" असं कोणी सांगत असेल तर हिरवी पाटी ही तुमची ओळख झालेलीच आहे, आणि नव्या लोगोच्या नादात तुम्ही नेमकी तीच पुसायला निघाला आहात. म्हणून कागदावर काही काढण्याआधी आम्ही दुकानात उभं राहून नुसतं ऐकतो. या गावात नाव बऱ्याचदा मालक ठेवतच नाही, लोक ठेवतात. मिसळीची नावं बघा: फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा. आडनाव, नाहीतर ठिकाण. त्यात कुठल्या एजन्सीचं डोकं नाही, तरी बाहेरगावचा माणूस एसटीतून उतरल्यावर तेच नाव विचारतो. तुमच्या बोर्डावर लांबलचक नाव असेल आणि लोक त्यातला एकच शब्द वापरत असतील, तर तो शब्द मोठा करा आणि उरलेलं खाली बारीक जाऊ द्या.

दुकान जुनं आहे, गिऱ्हाईक बांधलेलं आहे. मग हा खर्च कशाला?

बऱ्याच वेळा खरंच गरज नसते, आणि आम्ही तसं सांगतो. गरज पडते ती दुसरी शाखा काढताना, माल पॅक करून पुण्या-मुंबईला पाठवताना, किंवा शेजारी कुणी तसाच बोर्ड लावल्यावर. नुसता कंटाळा आला म्हणून बोर्ड बदलायचा असेल तर आधी तो धुऊन बघा.

वडिलांच्या काळातला हाताने रंगवलेला बोर्ड आहे. काढून टाकायचा का?

कृपा करून घाई करू नका. आधी त्याचा समोरून, सरळ, उन्हाची तिरीप नसताना फोटो काढून ठेवा.

कोल्हापूरला कलानगरी म्हणतात ते उगाच नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथे सिनेमा उभा केला. १९२९ साली याच गावात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तुतारी वाजवणाऱ्या स्त्रीचं तिचं चिन्ह आजही लोक क्षणात ओळखतात. ते चिन्ह करणारी माणसं पडदे, सेट आणि अक्षरं हाताने घडवणाऱ्यांतली होती. त्यांच्याच मागून आलेल्या पेंटर मंडळींनी इथल्या पेठांतल्या पाट्या रंगवल्या. शिरोरेषा किती जाड, 'क' चं पोट किती, सावली कुठल्या बाजूला, हे सगळं हाताच्या अंदाजाने. त्यात चुका असतात, पण स्वभावही असतो, आणि विकतच्या फॉन्टमध्ये तो मिळत नाही.

आम्ही अशा बोर्डावरची अक्षरं ट्रेस करतो, बेढब झालेल्या जागा सारख्या करतो आणि त्यातूनच लोगो बांधतो. गिऱ्हाइकाला काहीतरी स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण दुकान बदलल्यासारखं वाटत नाही. मूळ पत्रा दुकानाच्या आत, गल्ल्यामागच्या भिंतीवर लावता येतो. कलानिकेतन आणि दळवीजमधून शिकून बाहेर पडलेल्या मुलांत अक्षरलेखनाचा हात असलेली मुलं सापडतात. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर ट्रेसिंगचं काम त्यांच्याकडे द्या, आमच्याकडेच आलं पाहिजे असं नाही.

नाव 'अंबाबाई', 'महालक्ष्मी', 'शाहू' किंवा 'शिवाजी' यावरून ठेवायचं आहे. चालेल का?

श्रद्धेने ठेवलेल्या नावाला आम्ही कशाला नको म्हणू? पण तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, गर्दी. या गावात महालक्ष्मी नावाची किती दुकानं आहेत ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुरिअरवाला चुकणार, गुगल मॅप चुकणार, आणि एखाद्याने तुमच्या शेजारी तसंच दुकान काढलं तर त्याला अडवणं अवघड जाणार. दुसरी, देवाधर्माच्या नावावर एकट्याचा हक्क सहज मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अगरबत्तीच्या एका प्रकरणात धर्मग्रंथाचं नुसतं नाव ट्रेडमार्क म्हणून कुणा एकाला देता येणार नाही असं म्हटलं. देवतेच्या नावात आणखी वेगळेपण देणारा शब्द नसेल तर बोर्ड लावता येईल, हक्क सांगणं अवघड जाईल. तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते: बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा १९५० चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहे. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय ते व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरता येत नाही. महाराजांची छबी लोगोत घालून द्या असं सांगणारे पुष्कळ येतात. आम्ही ते करत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी ती पिशवी उद्या रस्त्यावर पायाखाली येणार आहे, याचा विचार करा.

मग मार्ग काय? कुलदेवतेचं नाव असू द्या, त्याला आडनाव जोडा, पेठेचं नाव जोडा, नाहीतर आजीचं पाळण्यातलं नाव काढा. आजीच्या नावाला सहसा कुणी स्पर्धक नसतो.

नावात 'कोल्हापुरी' शब्द वापरता येतो का? हे गाव तर आमचंच आहे.

वापरता येतो, पण मालकीचा करता येत नाही.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ मधल्या कलम ९ नुसार जे शब्द नुसता मालाचा प्रकार, दर्जा किंवा ठिकाण सांगतात त्यांची नोंदणी सहसा होत नाही. 'कोल्हापुरी मसाला' हे दोन शब्द तुम्ही अडवून ठेवलेत तर बाकीच्या डंखणवाल्यांनी (मसाला कांडून देणाऱ्यांनी) आपल्या चटणीला काय म्हणायचं? म्हणून त्याच्या पुढे किंवा मागे तुमचं स्वतःचं नाव हवं, आणि लोगोत तेच मोठं हवं.

चपलेचं प्रकरण आणखी वेगळं आहे. कोल्हापुरी चप्पल हे २०१९ पासून भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला लावता येणारं नाव) मिळालेलं नाव आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. भौगोलिक मानांकनाचं नाव कुणा एकाला ट्रेडमार्क म्हणून घेता येत नाही, पण कारागीर आणि त्या मालाचे व्यापारी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. चप्पल लाईनमधल्या दुकानांना आमचं सांगणं एवढंच, की लोगोवर पैसे घालण्याआधी ही नोंदणी करा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या आणि सुरुवातीला मूळ ठिकाणाचा उल्लेखच नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. त्या गदारोळात पर्यटक दुकानात येऊन "ही खरी का?" असं विचारू लागले. त्या प्रश्नाला लोगो उत्तर देऊ शकत नाही, नोंदणीचा कागद आणि चपलेसोबतची चिठ्ठी देऊ शकते. कुठल्या गावच्या कारागिराने केली, चामडं कुठलं, पाण्यात भिजली तर काय करायचं, एवढं त्या चिठ्ठीवर मराठीत आणि इंग्रजीत लिहा.

रेक्झिनची चप्पल विकून वर 'अस्सल कोल्हापुरी' लिहायचं असेल तर दुसरा डिझायनर बघा.

बोर्ड मराठीतच हवा का?

मराठी हवंच, सोबत दुसरी भाषा चालते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी नामफलक लागतो. मराठी अक्षरं आधी, आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत. त्याच दुरुस्तीनुसार दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत.

आणखी एक, जे डिझायनरला आधी कुणी सांगत नाही आणि मग बोर्ड लागल्यावर स्टिकर चिकटवावा लागतो: जीएसटी नोंदणी असेल तर प्रवेशाजवळच्या नामफलकावर जीएसटी क्रमांक दाखवावा लागतो. त्याची जागा पहिल्या आराखड्यातच धरा.

अंबाबाईच्या दर्शनाला कर्नाटकातून मोठी रांग लागते, तेव्हा मंदिराच्या आसपासच्या दुकानांनी काचेवर एक ओळ कन्नडमध्ये लिहिली तर धंद्याला बरंच. ती ओळ कन्नड लिहिता-वाचता येणाऱ्याकडून तपासून घ्या.

बोर्डावरची अक्षरं किती मोठी हवीत?

बोर्डवाल्यांचा जुना हिशेब आहे: एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. मात्र तो इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी आहे. देवनागरीत वेलांट्या वर जातात आणि उकार खाली येतात. 'श्री गुरुकृपा' लिहिलं तर एकूण उंचीतला बराच भाग वेलांटी-उकारांतच जातो आणि अक्षराचं पोट लहान राहतं. म्हणून मोजायची ती शिरोरेषेपासून खालच्या रेषेपर्यंतची उंची. राजारामपुरीच्या मेन रोडवर पलीकडच्या फुटपाथवरून वाचता यावं असं हवं असेल तर रस्त्याची रुंदी पायांनी मोजा आणि त्यावरून आकडा काढा.

महाद्वार रोडवर उलट अडचण येते. तिथे समोरून बोर्ड बघायला कुणाला जागाच नाही, माणूस दुकानाला खेटून चालत असतो. वर दहा फुटांचा बोर्ड लावला तरी त्याची नजर कमरेपासून डोक्यापर्यंतच फिरते. अशा ठिकाणी दाराच्या बाजूची पट्टी, काचेवरचं नाव आणि रस्त्याला काटकोनात लावलेली छोटी पाटी जास्त काम करते. अशी बाहेर येणारी पाटी लावण्याआधी महापालिकेची परवानगी विचारा.

आणि फोन नंबर बोर्डावर मोठा कशाला? दुकानासमोर उभा असलेला माणूस फोन करत नाही, आत येतो.

कुठला फॉन्ट घ्यावा? फुकटचा चालतो का?

चालतो. 'मुक्त' आणि 'बालू' हे एक टाइप या मुंबईच्या गटाने केलेले फॉन्ट मुक्त परवान्यात आहेत, धंद्यासाठी वापरायला पैसे लागत नाहीत. 'बालू' गुबगुबीत आहे; मुलांच्या कपड्यांना, बेकरीला शोभतो, सराफाला शोभत नाही. 'मुक्त' सरळ आणि स्वच्छ, दरपत्रकाला आणि बिलाला उत्तम.

पण नुसतं फॉन्टमध्ये नाव टाइप केलं म्हणजे लोगो होत नाही. अक्षरांतली अंतरं हाताने बसवावी लागतात, जोडाक्षर तपासावं लागतं. फॉन्ट हिंदीसाठी केलेला असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' ठरवून दिले आहेत, आणि वाचणाऱ्याला नेमकं कारण सांगता आलं नाही तरी परकेपणा जाणवतो. 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' अशा आडनावांतला अर्धा र काही फॉन्टमध्ये मोडतो. तुमच्या नावात तो असेल तर फॉन्ट निवडण्याआधी तेवढं एक अक्षर टाइप करून बघा.

इंग्रजी लोगो आधीच असेल तर देवनागरी अक्षरांना ओढूनताणून इंग्रजीसारखं करू नका. शिरोरेषा उडवून 'मॉडर्न' दिसणारी अक्षरं कागदावर छान वाटतात, रात्रीच्या उजेडात स्कूटरवरून वाचता येत नाहीत. दोन्ही लिप्यांची जाडी आणि कोपऱ्यांची गोलाई जुळली की पुरे.

रंग कोणता?

तुमच्या रांगेतल्या दहा दुकानांचा फोटो काढा. त्यात लाल-पिवळा आणि भगवा किती वेळा येतो ते मोजा. मग जो रंग तिथे नाही त्यापासून सुरुवात करा. दोन रंग पुरतात, तिसरा कागदाचा.

पेठेत दुकान असेल तर तालमीच्या फुटबॉल संघाचे रंगही एकदा आठवा. हसू नका. सामन्याच्या दिवसांत समोरच्या संघाच्या रंगाचा बोर्ड असला की चेष्टेचे विषय आपोआप मिळतात. गिऱ्हाईक त्यामुळे तुटत नाही, पण डोक्याला ताप.

चपलेच्या दुकानाला लोगोत चप्पल, सराफाला ठुशी, असं चित्र हवं का?

गरज नाही. काचेत चपलाच मांडलेल्या असतात. चित्र घालायचंच तर जे तुमच्याच दुकानात आहे ते शोधा: एखादी विशिष्ट वेणी, जुन्या दाराची कडी, आजोबांची सही. गुजरीत साज-ठुशीचं चित्र आम्हाला तर कुठल्याही दोन दुकानांत वेगळं करता आलेलं नाही. सराफांनी आणखी एक लक्षात ठेवावं, हॉलमार्कचं बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह किंवा त्याच्यासारखं दिसणारं काही लोगोत मिसळू नये, ते कायद्याने राखीव आहे.

फ्लेक्स लावू की एसीपीवर ॲक्रिलिकची अक्षरं?

फ्लेक्स उद्घाटनापुरता आणि सेलपुरता. आपल्याकडचा पावसाळा आणि त्यानंतरचं ऊन यांत त्याचा लाल रंग आधी फिकट होतो, आणि फिकट बोर्ड म्हणजे दुकान बंद पडत आल्याची जाहिरात. कायमच्या बोर्डासाठी एसीपी शीटवर (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली शीट) ॲक्रिलिकची किंवा स्टीलची उठावदार अक्षरं घ्या. एलईडी आतून असेल तर प्रकाश सगळीकडे सारखा पडतो का, हे अंधार पडल्यावर वर्कशॉपमध्ये पेटवून बघा. अक्षराच्या कोपऱ्यात काळे डाग दिसले तर आतले एलईडीचे तुकडे (मॉड्यूल) कमी आहेत. वायरिंगचा पॉवर सप्लाय पावसाचं पाणी पोचणार नाही आणि दुरुस्तीला हात पोचेल अशा जागी हवा. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीच्या सखल भागांतल्या दुकानदारांना २०१९ चा पूर सांगायला नको: जमिनीजवळ काही विजेचं ठेवू नका आणि छापील पिशव्या-डबे तळघरात रचू नका.

पिशवी, डबी, चपलेवरचा ठसा यांसाठी वेगळा लोगो लागतो का?

वेगळा नाही, पण त्याची एकरंगी, जाड रेषांची आवृत्ती लागते. ती पहिल्या दिवशीच करून घ्या.

कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग होतं. तिथे प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणून प्रत्येक रंगाचे वेगळे पैसे. चार रंगांचा, सावली असलेला लोगो तिथे महाग पडतो आणि रंग एकमेकांवर सरकतात. दागिन्यांच्या डबीवर सोनेरी फॉईलचा ठसा उठतो तेव्हा बारीक रेषा भरून जातात. चामड्यावर धातूच्या साच्याने दाब देतात. त्यात केसासारखी रेषा दिसत नाही, आणि जोडाक्षरातली मोकळी जागा बुजते. चपलेच्या टाचेएवढ्या जागेत 'ज्ञानेश्वरी फूटवेअर' पूर्ण बसवायचा हट्ट धरू नका, तिथे एक अक्षर किंवा छोटं चिन्ह पुरे.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे कापडी किंवा कागदी पिशवीचाच विचार करा. चांगली कापडी पिशवी घरातली माणसं भाजीला नेतात आणि तुमचं नाव रोज मंडईत फिरतं. जाहिरातीचे पैसे कमी असतील तर आम्ही ते सगळे पिशवीतच घालायला सांगतो.

मसाला, गूळ, फरसाण पाकिटातून विकत असाल तर समोरच्या बाजूला लोगोला मोकळीक द्या, पण निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, तारीख, आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक यांची जागा आधी आखा. शेवटच्या क्षणी हे कोंबलं की पाकीट औषधाच्या चिठ्ठीसारखं दिसतं.

भाच्याने कॅनव्हावर फुकट करून दिला तर? किंवा एआयने?

तात्पुरत्या कामाला ठीक. कॅनव्हाच्या तयार चित्रसंग्रहातलं चित्र मात्र दुसरा कुणीही वापरू शकतो, आणि त्यांच्या अटींनुसार ते ट्रेडमार्कमध्ये घेता येत नाही. एआयची चित्रं झकास येतात, पण देवनागरी अक्षरं बऱ्याचदा मोडकी. काना कुठे, मात्रा कुठे. शिवाय हातात येते ती फोटोसारखी फाइल, ती दहा फुटांवर ताणली की कडा फाटतात. भाच्याची कल्पना चांगली असेल तर ती घेऊन या, आम्ही तीच नीट बांधून देऊ. त्यात कमीपणा नाही, भाच्यालाही नाही.

डिझायनरकडून कोणत्या फाइल मागायच्या?

मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी: कोरल किंवा इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची, आणि त्यासोबत पीडीएफ. आपल्याकडचे बहुतेक फ्लेक्सवाले कोरलवर काम करतात, तेव्हा त्यांना उघडेल अशी आवृत्ती मागा. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत बदललेली हवीत. नाहीतर तुमचा फॉन्ट त्यांच्या संगणकावर नसेल तर 'महालक्ष्मी' च्या जागी भलतीच चिन्हं छापून येतात. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलींनी हा अनुभव पुष्कळांना दिला आहे. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एकरंगी काळी, उलटी पांढरी, आणि रंगांचे आकडे छपाईसाठी व स्क्रीनसाठी वेगवेगळे. हे सगळं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, डिझायनरच्या पेनड्राइव्हवर नको.

पैसे दिले म्हणजे लोगो आमचाच ना?

बिल दिलं म्हणजे कॉपीराइट आला, असं होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साधारणपणे पहिला मालक निर्माता असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलं तर मालकाचं. बाहेरच्या डिझायनरकडून हक्क घ्यायचा तर लेखी, सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशी चपला किंवा साज पाठवणाऱ्यांनी हे दोन रकाने मोकळे सोडू नयेत. एक पानाचा कागद पुरतो. आम्ही शेवटच्या हप्त्यासोबत तो देतो. जो देत नाही त्याच्याकडे मागा.

ट्रेडमार्कला किती खर्च, किती वेळ?

व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. एजंटाची फी वेगळी. एकूण ४५ वर्ग आहेत: कपडे आणि पादत्राणं २५ मध्ये, दागिने १४, मसाले-गूळ-मिठाई ३०, दुकानदारीची सेवा ३५, हॉटेल ४३. स्वतःच्या नावाने माल न काढता नुसता विकत असाल तर ३५ आधी बघा.

अर्ज स्वीकारल्यावर तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो आणि चार महिने विरोधासाठी मोकळे असतात. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या, तोही देवनागरी आणि इंग्रजी दोन्हीत, उच्चाराच्या जवळची नावंही बघून. जुनं दुकान असेल तर 'अमुक सालापासून वापरतो' असं लिहिता येतं, पण प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. जुनी बिलबुकं, गुमास्ता लायसन्स, वर्तमानपत्रातली जाहिरात, उद्घाटनाचा फोटो. ती रद्दीत देऊ नका.

नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लिहायला हरकत नाही. गोलातला 'आर' मात्र नोंदणीनंतरच. आधी लावणं कायद्याने चूक आहे.

भावाने वेगळं दुकान काढलं, नाव तेच ठेवलं. आता?

हा प्रश्न आमच्याकडे डिझाइनचा म्हणून येतो, पण तो वाटणीपत्राचा आहे. दुकान, गाळा, माल, उधारी सगळं वाटलं जातं आणि नावाचा उल्लेख कुठेच नसतो. मग दोघंही वडिलांचंच नाव लावतात, दोघांचंही खरं असतं, आणि 'आमची कुठेही शाखा नाही' हे वाक्य दोन्ही बोर्डांवर येतं.

कायद्यात स्वतःच्या नावाचा प्रामाणिक वापर आणि आधीपासूनचा वापर या दोन्हींना जागा आहे, त्यामुळे न्यायालयात अशी प्रकरणं लांबतात. आमचा सल्ला: एकत्र असतानाच भागीदारीच्या करारात नाव आणि लोगो कुणाकडे राहील, दुसऱ्याने कोणता शब्द जोडायचा, हे लिहून ठेवा. वाटणी झाली असेल आणि बोलणं शिल्लक असेल, तर मूळ आडनाव दोघांनी ठेवून पेठेचं नाव आणि रंग वेगळे करा. आम्ही एकाच बैठकीत दोघांचं काम करतो, चहा मात्र दोनदा मागवावा लागतो.

अंकशास्त्रीने इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवायला सांगितलं आहे.

वाढवा. बोर्ड तसाही मराठीत मोठा आहे.

लोगोचा खर्च किती?

इथे आकडा छापून उपयोग नाही, कारण 'लोगो' म्हणून मागणारे दहा वेगवेगळी कामं मागत असतात. अंदाजपत्रक घेताना तीन रकमा वेगळ्या मागा: लोगो आणि त्याच्या फाइली, बोर्ड आणि बसवणं, छपाई. बोर्ड चौरस फुटावर लागतो, उठावदार अक्षरांचा दर बऱ्याच ठिकाणी अक्षराच्या इंचावर असतो, तेव्हा नाव लांब तसा खर्च जास्त. तीन रकमा एकत्र सांगणारा कुठेतरी काहीतरी दडवतोय असं समजा. हात आखडता असेल तर चिन्ह काढणं पुढे ढकला, अक्षरं नीट लिहून घ्या आणि बोर्ड चांगला करा.

पाडव्याला उद्घाटन आहे. होईल का?

महिनाभर आधी आलात तर निवांत. आठवडा उरला असेल तर फ्लेक्स लावून मुहूर्त साधा, कायमचा बोर्ड नंतर. पाडवा, दसरा, दिवाळी या तिन्हींच्या आधी बोर्डवाले रात्रपाळी करत असतात आणि घाईतल्या अक्षरांची अनुस्वारं हमखास गळतात. मजकूर छापायला जाण्याआधी घरातल्या शाळकरी पोरीकडून वाचून घ्या.

व्हॉट्सॲप, गुगल आणि क्यूआर कोडचं काय?

व्हॉट्सॲपचा फोटो गोल कापला जातो, म्हणून तिथे पूर्ण नाव न टाकता चिन्ह किंवा पहिलं अक्षर टाका. गुगलवर बोर्डावर आहे तेच नाव द्या. 'बेस्ट साडी शॉप कोल्हापूर' असे शब्द नावात जोडणं त्यांच्या नियमात बसत नाही.

क्यूआर कोडकडे फार कमी लोक बघतात. गिऱ्हाईक पैसे पाठवतं तेव्हा पडद्यावर बँक खात्यातलं नाव येतं. बोर्डावर एक नाव आणि पडद्यावर कुणा तिसऱ्याच माणसाचं दिसलं की बाहेरगावचं गिऱ्हाईक थबकतं, "हे तुमचंच ना?" विचारतं. दुकानाच्या नावाने चालू खातं काढा आणि क्यूआर त्याला जोडा.

भेटायला येताना काय आणू?

दुकानाचा समोरून फोटो, एक दिवसाचा आणि एक दिवे लागल्यानंतरचा, रस्त्याच्या पलीकडून काढलेला. शटरच्या वरच्या जागेची लांबी-उंची टेपने मोजून. डाव्या-उजव्या शेजाऱ्यांचे बोर्ड. आत्ताची पिशवी, बिलबुक, जीएसटीचं प्रमाणपत्र. जुना काही कागद असेल तर तो. आणि गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला सोबत आणा, मालक स्वतः बसत नसतील तर नक्कीच. गिऱ्हाईक काय म्हणतं ते त्याला जास्त माहीत असतं.